तीन इंचांच्या आत

मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत
आमची दातांची लॅब.
दिवसभर मी दुसऱ्यांची तोंडं भरते,
वरची कवळी, खालची कवळी, एखादा एकटा सुळा.
जतच्या तात्यांचे अठ्ठावीस
आजच पॉलिश होऊन गेले.

शटर अर्धं खाली ओढलं
की त्याच मेणाच्या सुऱ्या, तोच बर्नर,
आणि टाइलवर उभा
अंगठ्याच्या पेराएवढा हैबत्या निशाणदार.

आमच्या खेळात नदी आटलेली आहे,
सात गावं तिच्या पात्रावर हक्क सांगतात.
नकाशा अभिनंदन चौगुलेचा.
त्याच्या गावभागातल्या घरात
पुराचं पाणी अकरा पायऱ्या चढलं होतं.
प्लायवूडवर तरी, म्हणाला,
मला ती कोरडी पाहिजे.

आणि नियम एकच, पहिल्या रविवारपासूनचा:
टेबलावर जे झालं
ते अंगावर दिसलं पाहिजे.

गेल्या रविवारी फासा मीच टाकला.
एक.
पुन्हा टाकला. पुन्हा एक.
तक्त्यात बघितलं: उजवा हात.

त्या हातावर माझ्या तीन रात्री गेल्या होत्या.
शून्य नंबरचा ब्रश, त्यातलेही चारच केस,
नखं रंगवली होती, कुणाला दिसणार नव्हती तरी.
तलवार निसारनं दिलेल्या बाजाच्या तारेची,
ऐरणीवर ठोकून चपटी केलेली.

हँडपीसला डिस्क लावली.
खांद्याखाली दोन मिलिमीटर.
जळक्या प्लास्टिकचा वास, रोजच्यासारखाच.
उगाच म्हटलं, थोडंसं दुखेल हं.
हे डॉक्टर म्हणतात. मी कधीच नाही.
माझ्याकडे माणसं येत नाहीत,
त्यांचे ठसे येतात.

जखमेला हिरड्यांचाच गुलाबी लावला,
त्यात चिमूटभर गेरू.

निसार आला, बोटांना चपड्याचा वास.
"आता ह्यो तलवार कशी धरायचा?"
डावखुरा करते म्हटलं.
तो हसला. "आमचं आडनाव बघ की.
शिकलगार. तलवारी घासायचो आमी.
गिऱ्हाईक बंद झालं तवा
भीमंकाठनं भोपळे आणले.
काय बिघडलं?"

मग डब्यातला एक धणा दातकोरणीनं फोडला.
आतून पोकळ, जसा हवा तसा.
अर्धा धणा म्हणजे भोपळा,
दातकोरणीचा तुकडा म्हणजे दांडी,
तारेच्या जागी ब्रशचा एक केस.
निसारनं भिंगातून बघितलं, बराच वेळ.
"घोडी चुकली," म्हणाला,
आणि सुईच्या टोकानं ती
केसभर मागं सरकवली.

एका हातानं वाजणार नाही,
म्हणून पाठीवर बांधली. निघालेला माणूस वाटतो,
किंवा आलेला. मला नक्की ठरवता आलं नाही.
डोळे मात्र थोडे वर काढले.

रविवारी अभिनंदन वही उघडून बसला:
"हल्ला शून्य. पल्ला शून्य.
मग ह्याला टेबलावर ठेवायचा कशाला?"
चहा दोनदा गार झाला.
शेवटी निसारनं सांगितलं ते मी लिहिलं:
*याच्या तीन इंचांच्या आत जो उभा आहे,
तो पळून जात नाही.*

हरलोच आम्ही. डावी फळी
दुसऱ्या फेरीलाच नदीपात्रातून पसार झाली.
टेप लावून मोजलं:
पाच जण आत होते.
सहाव्याचा एक पाय आत, एक बाहेर.
त्याच्यावरून भांडण अजून मिटलेलं नाही.

तुटलेला हात मी टाकला नाही.
सुट्या दातांच्या डबीत आहे,
सुळ्यांच्या शेजारी, अजून तलवार उगारून.

सोमवारी जतहून तात्यांचा फोन:
"बाई, दात ब्येस बसल्यात,
पण 'स' म्हटलं की शिट्टी वाजतीया."
म्हटलं, या.
घासून देते.